वहिनीचे दागिने

बारावीचा निकाल लागला की आमच्या माजरीत पेढे वाटले जातात आणि त्याच रात्री घराघरांत हिशेब सुरू होतो. फी, होस्टेल, मेस, नागपूरचं जाणं-येणं. बचत गटाच्या कामाने मी घरोघरी जाते, तेव्हा बायका हळूच विचारतात, पोत मोडावी की गहाण ठेवावी? अशा वेळी मला गोपाळ कृष्ण गोखले आठवतात.

गांधीजींचे गुरू म्हणून त्यांचं नाव आपण शाळेत पाठ केलं. पण त्यांचं कॉलेज कुणाच्या जिवावर झालं, ठाऊक आहे?

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावचा. १८७९ मध्ये वडील वारले. थोरल्या गोविंदरावांनी आपलं शिक्षण सोडलं आणि महिना १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये कोल्हापूरला शिकणाऱ्या गोपाळला पाठवायचे आणि उरलेल्या ७ रुपयांत घर चालवायचं! गोपाळलाही याची जाण होती. एकदा मित्राने नाटकाला नेलं आणि मागाहून तिकिटाचे पैसे मागितले. ते भरून काढायला त्याने घरचा दिवा बंद ठेवून रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला, असं सांगतात.

१८८१ मध्ये तो मॅट्रिक झाला. आता नोकरी करून भावाचा भार हलका करावा, असं त्याच्या मनात होतं. पण भाऊ-वहिनी ऐकेनात. वहिनीने अंगावरचे दागिने विकले आणि दीर राजाराम कॉलेजात गेला. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १८८४ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, तो बी.ए. झाला.

मोठ्या पगाराच्या मागे न लागता गोखले पुण्यात शिक्षक झाले, फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. महिना १० रुपयांपेक्षा जास्त मिळकत नसलेल्यांच्या मुलांना फी नको, अशी तरतूद त्यात होती. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळलं गेलं. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले. गरिबाच्या घरात फीचा आकडा काय करतो, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं.

मैत्रिणींनो, शिक्षणापायी घरात कुणाला तरी थांबावं लागतं. गोखल्यांच्या घरी थोरला भाऊ थांबला. आपल्याकडे मात्र दोन भावंडांपैकी थांबायची पाळी बहुधा मुलीवरच येते, आणि दागिना मोडतो तो आईचा. म्हणून सांगते, सोनाराकडे जाण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीची चौकशी करा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढून ठेवा. २०२४ पासून आपल्या राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश तेवढा सरकारी प्रवेश प्रक्रियेतून घ्यावा लागतो. मेस-होस्टेलचा खर्च उरतोच, पण डोंगर अर्धा तरी होतो.

एवढं करूनही पोत मोडावीच लागली, तर खुशाल मोडा. फक्त ती मुलासाठी मोडता, तशी मुलीसाठीही मोडा.