चाळीस वेळा वाचूनही न कळलेले पुस्तक

तरावीहच्या नमाजात अख्खे कुरआन तोंडपाठ ऐकवणाऱ्याला हाफिज म्हणतात. याच शब्दाची बहीण म्हणजे हाफिजा, अर्थात स्मरणशक्ती. तिची जागा मेंदूच्या मागच्या भागात आहे, असे हजार वर्षांपूर्वी हकीम इब्ने सिना यांनी लिहून ठेवले.

त्यांचा जन्म इ. स. 980च्या सुमारास बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावी झाला. दहाव्या वर्षी कुरआन पूर्ण झाले. वडिलांनी त्यांना एका भाजीवाल्याकडे हिशेब शिकायला पाठवले, आणि तो हिशेब होता हिंदी, म्हणजे आपल्याकडचा. पाठांतर तर विलक्षण. पण ॲरिस्टॉटलच्या अध्यात्मशास्त्रावरील ग्रंथापाशी गाडी अडली. चाळीस वेळा वाचून तो पाठ झाला, तरी अर्थ लागेना. मग पुस्तकांच्या बाजारात एका दलालाने फाराबींचे एक पुस्तक अवघ्या तीन दिरहमला गळ्यात मारले. घरी येऊन ते वाचताच सगळा गुंता सुटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी शुक्राना म्हणून गरिबांना खैरात वाटली.

पाठ असणे आणि समजणे यांतले हे अंतर त्यांनी स्वतः भोगले होते. पुढे त्यांनी मेंदूतल्या शक्तींची विभागणी केली. पुढच्या पोकळीत पाहिले-ऐकलेले एकत्र येते आणि त्याची चित्रे साठतात. मधल्या पोकळीत त्या चित्रांची जुळवाजुळव होते, धोकाही तिथेच ओळखला जातो. लांडगा दिसताच मेंढी पळते, ती या शक्तीमुळे. एकदा मार खाल्लेला कुत्रा नुसती काठी पाहून दबकतो, त्यात मागच्या पोकळीतली आठवण मिसळते. आज ही मांडणी जशीच्या तशी टिकत नाही. पोकळ्यांत असते ते पाणी, काम करतात त्या पेशी. पण वागणुकीची मुळे मेंदूत आणि अनुभवात शोधण्याची त्यांची वाट चुकीची नव्हती.

शिकण्याच्या पायऱ्या त्यांनी लिहिण्याच्या उदाहरणाने सांगितल्या. तान्ह्या बाळात लिहिण्याची नुसती शक्यता असते. थोड्या मोठ्या मुलाला दौत, कलम, अक्षरे ओळखता येतात. मुरलेला कातिब मनात येईल तेव्हा लिहितो. ‘अल-कानून’ या वैद्यकग्रंथात त्यांनी मुलांविषयीही लिहिले. सहाव्या वर्षी मुलाला गुरूकडे पाठवावे, पण एकदम पुस्तकाला जुंपू नये. राग, भीती, जागरण यांपासून त्याला जपावे, कारण त्याने स्वभाव बिघडतो. छडीवर भरवसा असणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावे.

‘अल-कानून’ लॅटिनमध्ये गेला आणि युरोपच्या विद्यापीठांत शतकानुशतके शिकवला गेला. त्यांच्या तत्त्वज्ञानावर मात्र इमाम गझालींनी कडक टीका केली.

अखेरच्या आजारात पोटशुळाने ते खंगले. शरीर सांभाळणारी शक्तीच थकली, हे ओळखून त्यांनी उपचार थांबवले, गुलाम मुक्त केले, जवळचा पैसा गरिबांना वाटला. हिजरी 428च्या रमजानमध्ये, म्हणजे इ. स. 1037 साली, हमदानला त्यांचे निधन झाले. त्यांची कबर तिथेच आहे.