रमाबाईंची मुक्ती आणि आपली



प्रायश्चित्तकाळाच्या या तिसऱ्या रविवारी आपण विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीचे शुभवर्तमान ऐकतो. भर दुपारी एकटीच पाण्याला आलेली, गावाने नाव ठेवलेली ती बाई. तिच्याशी प्रभू स्वतःहून बोलतो आणि तिचे आयुष्य बदलते. एकशेचाळीसहून अधिक वर्षांपूर्वी हाच प्रसंग ऐकून एका मराठी बाईच्या आयुष्याला वळण लागले. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे नाव आपण सर्वांनी शाळेत ऐकलेले आहे. थोर समाजसुधारक, संस्कृतच्या पंडिता, विधवांच्या कैवारी. हे सर्व खरेच आहे. पण त्यांनी केडगावला जी संस्था उभारली तिचे नाव 'मुक्ती' आहे. मुक्ती कशापासून? या एका प्रश्नाचे उत्तर रमाबाई आयुष्यभर शोधत होत्या आणि ते उत्तर दर टप्प्यावर अधिक खोल होत गेले. आज आपण त्यांचे चरित्र या दृष्टीने पाहू या.

रानातले घर आणि दुष्काळ

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. स्त्रियांना संस्कृत शिकवणे त्या काळी पाप मानले जाई, पण शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी ते रमेला शिकवले. रमा सहा महिन्यांची असतानाच कुटुंबाने घर सोडले. तिला वेताच्या पेटीत घालून डोंगरावरून खाली आणले. त्यानंतर तीर्थयात्रा, नदीस्नाने, व्रते आणि पुराणवाचन हेच या कुटुंबाचे जीवन झाले. लहान वयात रमेला भागवत मुखोद्गत होते.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला माणसे येईनात, दक्षिणा मिळेना. होते ते दागिने व भांडी विकून संपली. भीक मागणे किंवा मोलमजुरी करणे त्यांना कमीपणाचे वाटत होते, म्हणून या विद्वान कुटुंबाने रानातली पाने खाऊन दिवस काढले. वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. तेव्हा मोठा भाऊ श्रीनिवास पुढे झाला आणि मिळेल ते काम करायला तयार झाला. पण उशीर झाला होता. काही महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, पुढे मोठी बहीणही गेली. आईला खांदा द्यायला माणसे पुरली नाहीत, म्हणून सोळा वर्षांच्या रमेने भावाबरोबर आईचे प्रेत स्मशानापर्यंत वाहून नेले.

या माणसांची श्रद्धा मनापासूनची होती आणि त्यांचे कष्टही खरे होते. त्यामुळे त्यांना नावे ठेवण्याचे आपल्याला काही कारण नाही. पण आपण इतके सर्व केले, तरी आत काहीच का बदलले नाही, हा प्रश्न मुलीच्या मनात घर करून राहिला.

पंडिता रमाबाई

दोघे भावंडे हजारो मैल पायी फिरून १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. ते वेगळ्या जातीचे होते, त्यामुळे दोन्हीकडचे लोक रागावले. मुलगी मनोरमा झाली. दोन वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच पती पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

१८८२ साली त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि सरकारच्या हंटर आयोगापुढे निर्भयपणे साक्ष दिली. मुलींसाठी शिक्षिका हव्यात, बायकांवर उपचार करायला बायका डॉक्टर हव्यात, असे त्यांनी सांगितले. या टप्प्यावर मुक्ती म्हणजे रूढीपासून आणि अज्ञानापासून सुटका, असे त्यांचे उत्तर होते. ते उत्तर चुकीचे नव्हते. माणसाला माणूस जखडतो, तेव्हा ती बेडी तोडणे हे देवाचेच काम आहे. मिसर देशात दास झालेल्या इस्रायलची हाक देवाने ऐकली, हे आपण याच काळात मिस्सामध्ये वाचतो.

विहिरीवरची भेट

वैद्यकीय शिक्षण घ्यावे म्हणून रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील अँग्लिकन मठभगिनींकडे त्या राहिल्या. या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅमला एक घर होते. समाजाने 'वाया गेलेल्या' म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे आसरा मिळे. रमाबाई ते घर पाहायला गेल्या. एकेकाळी टाकून दिलेल्या त्या बायकांपैकी काही आता स्वतःच आजाऱ्यांची सेवा करत होत्या.

रमाबाईंना याचे फार नवल वाटले. शास्त्रे त्यांना पाठ होती, पण अशा बाईला पुन्हा उभी करणारे कोणी त्यांनी पाहिले नव्हते. हे तुम्ही का करता, असे त्यांनी एका भगिनीला विचारले. तिने लांबलचक उत्तर दिले नाही. प्रभू येशू आणि शोमरोनी स्त्री यांचा प्रसंग सांगितला. पाप्याचा तिरस्कार न करता त्याला शोधायला येणारा देव रमाबाईंना त्या दिवशी प्रथम दिसला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी स्नानसंस्कार स्वीकारला.

हा संस्कार अँग्लिकन मंडळीत झाला. रमाबाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या सभासद नव्हत्या, हे खरे. पण पाण्याने आणि पवित्र त्रैक्याच्या नावाने दिलेला स्नानसंस्कार ख्रिस्तसभा मान्य करते आणि असा संस्कार घेतलेल्यांना बंधू-भगिनी मानते. म्हणून त्यांच्या आयुष्यातून शिकायला आपल्याला संकोच वाटू नये.

कोल्हापूरकरांना ओळखीची वाटेल अशी एक गोष्ट इथे सांगायला हवी. ११ मार्च १८८६ रोजी डॉ. आनंदीबाई जोशी यांना अमेरिकेत पदवी मिळाली. त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. आनंदीबाईंची नेमणूक आपल्या कोल्हापुरातील अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागात झाली होती. तेच आजचे सीपीआर. पण कामावर रुजू होण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या वारल्या. रमाबाईंच्या वाट्याला असे जवळच्यांचे मृत्यू वारंवार आले.

आठ वर्षांनंतर

भारतात परतून रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू केले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले. बालविधवांना तिथे घर आणि शिक्षण मिळाले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, आता या बाईला आणखी काय हवे? विद्या आहे, कीर्ती आहे, सत्कार्य आहे, स्नानसंस्कारही झालेला आहे.

पण नेमके याच काळात, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंना आपल्या आत डोकावावे लागले. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या हाती आले. अनेक वर्षे धर्मसेवा केल्यावर आपले स्वतःचेच मन ख्रिस्ताला दिलेले नाही, हे त्या गृहस्थांच्या ध्यानात आले होते. रमाबाईंना त्यात आपले चित्र दिसले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याची शिकवण पटली म्हणून स्वीकारली, पण ख्रिस्ताला तारणारा म्हणून आपण हाक मारलेली नाही, हे त्यांना कळून चुकले. त्या जगाच्या दृष्टीने पापी नव्हत्या. तरीही आपण पापी आहोत आणि आपल्या बळावर सुटू शकत नाही, असे त्यांनी देवापुढे कबूल केले. त्या कबुलीनंतर त्यांना जो आनंद मिळाला तो शेवटपर्यंत टिकला.

बंधू-भगिनींनो, इथे थोडे थांबू या. जातीच्या बेड्या जिने तोडल्या, विद्वानांच्या सभेत जी डगमगली नाही, त्या बाईला आणखी कोणती बेडी होती?

ख्रिस्तसभेची शिकवण अशी की, आदिपापामुळे माणसाचा स्वभाव पुरता नासलेला नाही, पण जखमी झालेला आहे. चांगले काय ते कळते, ते हवेसेही वाटते, पण हातून दुसरेच घडते. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात हीच व्यथा मांडली आहे. संत ऑगस्टीन यांनी स्वतःच्या अनुभवावरून दाखवले की, पापाची बेडी बाहेरून कोणी घालत नाही. आपण एकदा मनाने होकार देतो, त्याची सवय होते, सवय मोडली नाही की ती गरज होते आणि मग सुटायचे म्हटले तरी सुटता येत नाही. म्हणजे जी इच्छाशक्ती वापरून सुटायचे, तीच बांधली गेलेली असते. दोन्ही हात बांधलेल्या माणसाने आपली गाठ कशी सोडवावी? ती दुसऱ्या कोणीतरी येऊनच सोडवावी लागते. म्हणूनच तारणाऱ्याची गरज आहे.

पूर्वी आपल्याकडच्या गुऱ्हाळात चरकाला जुंपलेला बैल दिवसभर चालायचा आणि संध्याकाळी होता तिथेच असायचा. बांधावरून भावाशी वैर धरलेला माणूस दर वर्षी वैर सोडायचे ठरवतो. दारूच्या किंवा मोबाईलवरच्या जुगाराच्या नादी लागलेला दर पगाराला शपथ घेतो. आणि जो यातले काहीच करत नाही, त्याला आपल्या चांगुलपणाचा गर्व बांधून ठेवतो. ही शेवटची बेडी सर्वांत उशिरा दिसते.

आता कोणी विचारील, मग स्नानसंस्काराने काय झाले? १५४६ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने हे स्पष्ट केले आहे. स्नानसंस्काराने आदिपाप खरोखर धुतले जाते, पण पापाकडे झुकणारी ओढ शिल्लक राहते. तिच्याशी लढायचे असते. रमाबाईंचा संस्कार फुकट गेला नाही. पेरलेले बी आठ वर्षांनी उगवले. आपल्यापैकी बहुतेकांचा स्नानसंस्कार तान्हेपणी झाला. आपल्यात ते बी चाळीस-पन्नास वर्षे तसेच पडून तर नाही ना?

मुक्ती सदन

रमाबाईंची परीक्षा संपली नव्हती. शारदा सदनात धर्माची सक्ती नव्हती, पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला स्वतःहून बसू लागल्या. त्यावरून १८९३ साली पुण्यात मोठा वाद झाला. सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर अशी मोठी माणसे बाजूला झाली. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार उघडे ठेवले आणि प्रार्थनाही सोडली नाही.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. पाने खाऊन जगलेली रमाबाई घरी बसणे शक्यच नव्हते. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बायकांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे-दौंड रेल्वेमार्गावरील केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तिथल्या रहिवाशांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. शेती, विणकाम, छपाई अशी कामे बायका शिकल्या. अंध स्त्रियांना वाचायला शिकवले. फुलहॅमला पाहिले होते तसे, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी 'कृपा सदन' निघाले. नाव किती योग्य!

१९०५ साली मुक्ती सदनातील मुली प्रार्थनेत आपल्या पापांसाठी रडू लागल्या. जगाने या मुलींवर अन्याय केला होता, त्यांना पाप्यांची बळी म्हणणेच न्यायाचे. तो अन्याय त्यांचे पाप नव्हता. तरी आपल्याही मनात द्वेष आहे, खोटेपणा आहे, आपल्यालाही क्षमा हवी, हे त्यांनी ओळखले. अन्न, वस्त्र आणि विद्या देऊन रमाबाई थांबल्या असत्या, तर त्या मुलींची अर्धीच सुटका झाली असती. आणि नुसती प्रार्थना शिकवून त्यांना उपाशी ठेवले असते, तर ती प्रार्थना खोटी ठरली असती.

शेवटची अनेक वर्षे रमाबाईंनी एका कामाला दिली. खेड्यातल्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत बायबल यावे म्हणून त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तरीही त्यांनी काम सोडले नाही. भाषांतर पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

आपण काय करावे?

या आठवड्यात प्रत्येकाने थोडा वेळ काढून स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. कोणती गोष्ट सोडायचे मी वर्षानुवर्षे ठरवतो आणि सोडू शकत नाही? ती मी प्रभूपुढे नाव घेऊन सांगितली आहे का? आणि माझ्या ओळखीत असे कोण आहे, ज्याला सुटायचे आहे पण हात द्यायला कोणी नाही?

पहिल्या दोन प्रश्नांसाठी प्रायश्चित्त संस्कार आहे. पाप मोघम सांगू नका, त्याचे नाव घ्या. विहिरीवरच्या बाईचे सारे आयुष्य प्रभूला ठाऊक होते, तरी तो तिच्याशी बोलत राहिला. तो तुमच्याशीही बोलेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र घरी, शेजारी आणि गल्लीत शोधायचे आहे. ती बाई आपली घागर तिथेच ठेवून गावात धावत गेली होती.

हे प्रभू येशू, आम्ही स्वतःला मोकळे समजतो, पण आमच्या गाठी तुला दिसतात. त्या तू सोडव आणि मोकळे झालेले आमचे हात दुसऱ्यांच्या सुटकेसाठी वापर. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू