काटा वाचणारा माणूस : रुडॉल्फ डिझेल

धाराशिव जिल्ह्यात पिकअप ही शेतकऱ्याची आणि छोट्या व्यापाऱ्याची लक्ष्मी. भूमचा खवा, कळंबचे सोयाबीन, तुळजापूर भागातील द्राक्षे आणि बाजाराला निघालेल्या उस्मानाबादी शेळ्या, सारे काही तिच्याच हौद्यात चढते. वैशाखाच्या उन्हात भरल्या गाडीने बालाघाटाचा चढ चढताना इंजिनाच्या पोटात काय चालले आहे, हे मात्र चालकाला नेमके कळत नाही. समोर पाण्याच्या तापमानाचा काटा असतो आणि ऑईलचा लाल दिवा असतो. तो दिवा लागतो तेव्हा ऑईलचा दाब आधीच उतरलेला असतो.

म्हणून काही जाणते गाडीमालक बाहेरून तीन मीटर बसवून घेतात. पहिला ऑईलच्या दाबाचा, दुसरा टर्बोच्या हवेच्या दाबाचा आणि तिसरा धुराच्या तापमानाचा. यातला तिसरा बसवणे सर्वांत नाजूक. मॅनिफोल्डला टर्बोच्या आधी छिद्र पाडून त्यात थर्मोकपल बसवावे लागते. छिद्र पाडताना लोखंडाचा कीस टर्बोत गेला तर त्याची पाती खराब होतात. म्हणून मॅनिफोल्ड उतरवून काम करणे शहाणपणाचे. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली की इंधन जास्त आणि हवा कमी पडते, धूर तापतो. पाण्याचा काटा ही गोष्ट उशिरा सांगतो. धुराचा काटा काही क्षणांत सांगतो. पारा ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की जाणता चालक गिअर उतरवतो आणि पाय सैल करतो.

ज्या माणसाचे नाव आपण रोज पंपावर घेतो, त्याच्या यशाची सुरुवातही अशाच एका मापनयंत्रापासून झाली. फरक इतकाच, की पहिल्याच दिवशी ते यंत्र फुटले.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील बव्हेरियातून आलेले. वडील चामड्याच्या वस्तू बनवत. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला तेथून आउग्सबुर्गला, गणित शिकवणाऱ्या काकांकडे धाडण्यात आले. परक्या घरी वाढलेल्या या मुलाने अभ्यासालाच आपले घर मानले. १८७९ मध्ये विषमज्वराने त्याची अंतिम परीक्षा हुकली; पुढच्या वर्षी तो म्युनिकच्या तंत्रविद्यालयातून उच्चांकी गुणांनी उत्तीर्ण झाला.

तेथे त्यांना कार्ल फॉन लिंडे हे शीतकरणशास्त्राचे प्राध्यापक लाभले. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामाला लावते आणि बाकीची वाया घालवते, हे लिंडे यांच्या व्याख्यानांतून कळल्यापासून रुडॉल्फ यांना चैन पडेना. पुढे दहा वर्षे त्यांनी लिंडे यांच्या बर्फाच्या कारखान्यांसाठी पॅरिसमध्ये काम केले. पण डोक्यात इंजिनच होते. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापेल आणि तीत सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेटेल, ही त्यांची कल्पना. १८९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९३ मध्ये आपला सिद्धांत पुस्तकरूपाने मांडला. आउग्सबुर्गचा यंत्रकारखाना आणि क्रुप यांनी प्रयोगांचा खर्च उचलला.

१० ऑगस्ट १८९३ रोजी आउग्सबुर्गमध्ये पहिली चाचणी झाली. सिलिंडरच्या आतील दाबाचा आलेख काढण्यासाठी त्यावर इंडिकेटर हे यंत्र बसवले होते. वळताना लावतात त्या दिव्याशी त्याचा काही संबंध नाही. इंधन आत जाताच स्फोट झाला, दाब वातावरणाच्या सुमारे ८० पट चढला आणि इंडिकेटरच्या ठिकऱ्या उडाल्या. जवळ उभी असलेली माणसे थोडक्यात वाचली. इंजिन चालले नाही, पण इंधन ठिणगीवाचून पेटते हे सिद्ध झाले. खचून जाण्याऐवजी रुडॉल्फ पुन्हा मोजमापाला लागले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन सुमारे एक मिनिट स्वतःच्या बळावर फिरले. बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. तेव्हा या इंजिनाने उष्णतेतील २६.२ टक्के भाग कामाला लावल्याचे आढळले. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून हे अधिक होते.

यश आले आणि त्याबरोबर पैसाही आला. अमेरिकेतील हक्क अॅडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्कांना घेतले. म्युनिकमध्ये वाडा उभा राहिला. परंतु आपल्या इंजिनाचा प्रत्येक काटा काळजीपूर्वक वाचणाऱ्या या माणसाने स्वतःच्या आयुष्यातील काट्यांकडे मात्र डोळेझाक केली. अतिश्रम, डोकेदुखी आणि पेटंटवरून चाललेले वाद यांनी १८९८ मध्ये प्रकृती इतकी ढासळली, की त्यांना आरोग्यधामात राहावे लागले. सुरुवातीची इंजिने ग्राहकांकडे वारंवार बिघडत होती. आउग्सबुर्गमध्ये त्यांच्या नावाने निघालेला कारखाना टिकला नाही. जमीनजुमल्याच्या आणि तेलाच्या व्यवहारांत पैसा बुडत होता. सूचना मिळत होत्या. पाय मात्र सैल झाला नाही, खर्चही कमी झाला नाही.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी ते अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन या बोटीवर चढले. रात्री दहाच्या सुमारास सोबत्यांचा निरोप घेऊन खोलीत गेले. सकाळी खोली रिकामी होती आणि बिछान्यावर कोणी झोपलेच नव्हते. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. त्यावरील वस्तू मुलाने ओळखल्या. त्यांच्यामागे संपत्ती नव्हे, कर्जच अधिक उरल्याचे उघड झाले. हा अपघात होता, घातपात होता की त्यांनीच आयुष्य संपवले, याचे निर्विवाद उत्तर आजही मिळालेले नाही.

आपले इंजिन छोट्या कारागिराच्या हाती जावे, मोठ्या कारखान्यांपुढे त्याला उभे राहता यावे, हे रुडॉल्फ यांचे स्वप्न होते. त्यांच्या हयातीत ते इंजिन अवजडच राहिले आणि कारखान्यांत व जहाजांवर गेले. मालमोटारींत ते आले १९२३-२४ च्या सुमारास, जर्मनीत. महाराष्ट्रात १९४६ मध्ये पुण्याजवळ किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाल्यावर ते विहिरीच्या काठापर्यंत पोहोचू लागले. एका पिकअपवर घर चालवणारा धाराशिवचा मालक म्हणजे त्यांच्या स्वप्नातला तो छोटा माणूसच.

त्याच्यासाठी इंजिन बसणे म्हणजे हंगाम बुडणे आणि हप्ता थकणे. मीटर बसवला म्हणून इंजिन वाचत नाही. काटा वर जाताना पाय सैल करणाराच ते वाचवतो. चढ संपल्यावर गाडी लगेच बंद न करता टर्बो निवण्यासाठी मिनिटभर सावकाश चालू ठेवण्यातही तेच शहाणपण आहे. इंजिनाचा काटा वाचायला रुडॉल्फ डिझेल यांच्या कर्तृत्वाने जगाला शिकवले. आपल्या स्वतःच्या काट्याकडेही वेळीच पाहावे, हे शिकवले त्यांच्या अखेरीने.