एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो : एक स्मरण



नोव्हेंबर हा आपल्या मृतांचा महिना. मृतांच्या यादीसाठी तुम्ही आणून देता त्या चिठ्ठ्यांवर आजी-आजोबांची, आईवडिलांची नावे असतात. या वेळी त्यात एक नाव मी घालतो आहे.

२२ नोव्हेंबर म्हटले की जुन्या माणसांना जॉन केनेडी आठवतात. अमेरिकेचे हे पहिले कॅथोलिक अध्यक्ष १९६३ साली त्या दिवशी गोळीला बळी पडले. त्याच दिवशी, त्याच्या काही तास आधी, जम्मू-काश्मीरमधील पूंछजवळ भारतीय वायुसेनेचे एक हेलिकॉप्टर कोसळले. त्यात एअर व्हाइस मार्शल एर्लिक विल्मट पिंटो होते. केनेडींच्या बातमीने सारे जग हादरले आणि पिंटो मागे पडले ते पडलेच. आपल्या तरुणांपैकी किती जणांनी त्यांचे नाव ऐकले असेल?

पिंटो मूळचे गोव्याचे, ख्रिस्ती घराण्यातले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते वैमानिक झाले आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी वायुसेनेलाच दिले. १९६१ साली ते वायुसेनेच्या ऑपरेशनल कमांडचे प्रमुख होते. लढाऊ आणि बॉम्बफेकी विमाने याच कमांडकडे असत. त्या वर्षी भारत सरकारने पोर्तुगिजांच्या ताब्यातील गोवा सोडवायचे ठरवले, तेव्हा हवाई कारवाईची धुरा पिंटो यांच्याकडे आली. पुणे आणि बेळगावजवळचे सांबरा हे त्यांनी तळ निवडले.

आता विचार करा. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव. गावोगावी चर्च. आगमनकाळाचा तिसरा रविवार नुकताच झालेला, नाताळ आठवड्यावर आलेला. गोवा म्हणजे पूर्वेकडचे ख्रिस्ती पोर्तुगाल, असे सालाझार जगाला सांगत होता. म्हणजे भारताच्या बाजूने उभा राहणारा कॅथोलिक जणू धर्माशीच बेइमान! वास्तविक हा गुंता आधीच सुटला होता. जुलै १९५५ मध्ये पंडित नेहरू रोमला पोप बारावे पायस यांना भेटले आणि गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धर्माचा नाही, हे पोपनाही मान्य असल्याचे त्यांनी जाहीर केले. तरीही पूर्वजांच्या भूमीवर विमाने पाठवण्याचा हुकूम आपल्याच तोंडून द्यायचा, ही गोष्ट सोपी नव्हे.

१८ डिसेंबरला सकाळी पुण्याहून बारा कॅनबेरा विमाने निघाली. विंग कमांडर एन. बी. मेनन त्यांचे नेतृत्व करीत होते. त्यांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३ हजार पौंड बॉम्ब टाकले. पाठोपाठ विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या आठ कॅनबेरा आल्या. हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उडवले. पण दाबोळीची इमारत आणि इतर सोयी यांना धक्का लावू नये, असा आदेश होता आणि तो पाळला गेला. तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमानेही वाचली. रात्री पोर्तुगिजांनी धावपट्टी जेमतेम वापरण्यापुरती नीट केली आणि काही अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना घेऊन ती दोन्ही विमाने अंधारात कराचीकडे निसटली. याला कुणी लष्करी चूक म्हणेल. मला नाही वाटत. त्यात बायका-मुले होती. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली.

सेमिनरीत संत थॉमस अक्विनास शिकताना न्याय्य युद्धाच्या अटी आम्ही पाठ केल्या होत्या: योग्य अधिकारी, न्याय्य कारण, शुद्ध हेतू. शस्त्र किती चालवायचे आणि कुठे थांबवायचे, हे मात्र पाठ करून येत नाही. मध्यंतरी रजेवर आलेल्या आपल्या एका जवानाने मिस्सानंतर मला विचारले, की ख्रिस्ती माणसाने बंदूक धरावी का? (बाहेरच्यांना देवळाली म्हटले की नाशिकजवळची, तोफखान्याची आठवते. पण सैन्यात गेलेली मुले आपल्या प्रवरेकाठच्या घरांतही आहेत.) मी त्याला अक्विनास सांगितला नाही, दाबोळीची गोष्ट सांगितली. दोन्ही बाजूंचे सैनिक त्या दोन दिवसांत मेले, हेही सांगितले.

१९६२ च्या चीन युद्धात आपली लढाऊ विमाने वापरलीच गेली नाहीत. पुढच्या वर्षी ऑपरेशनल कमांडचे नाव वेस्टर्न एअर कमांड झाले, प्रमुख पिंटोच राहिले. त्याच नात्याने ते नोव्हेंबरात सरहद्दीच्या पाहणीला गेले. सोबत लेफ्टनंट जनरल दौलत सिंग, लेफ्टनंट जनरल बिक्रम सिंग, मेजर जनरल नानावटी आणि ब्रिगेडियर ओबेरॉय. हेलिकॉप्टर चालवत होते फ्लाइट लेफ्टनंट सोधी. पूंछला ते तारांना अडकले. शत्रू नाही, गोळी नाही, नुसत्या तारा! सहाही जण गेले. घातपाताची कुजबुज झाली, चौकशीत तो अपघातच ठरला. इतक्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी एकाच विमानातून प्रवास करू नये, हा दंडक त्यानंतर कडक झाला. पिंटो तेव्हा चाळिशीतच होते.

२२ तारखेच्या सायंकाळच्या मिस्सात या सहाही जणांसाठी प्रार्थना होईल. त्यात शीख होते, पारशी होते. नावे सगळी वाचली जातील. ज्यांची मुले सैन्यात आहेत, त्यांनी त्यांची नावे आदल्या दिवसापर्यंत माझ्याकडे द्यावीत.

तुमचा धर्मगुरू