न्यायमूर्तींपुढला चहा

कुळगीच्या जंगलछावणीत पहाटे मीच आधण ठेवले. घरची मिश्र पत्ती बरोबर होती: रंगाला व जोराला आसामची भुकटी, वासाला निलगिरीची पत्ती. पत्ती टाकून झाकण ठेवायचे ते तीन-चार मिनिटेच. पुढे तुरटपणा उतरतो. दुधाआधी एक कोरा घोट जिभेवर घोळवायचा, स्वर लावून पाहावा तसा. ही खोड आमच्या वडिलांची. ते दरबारी गवई.

अशाच एका पेल्याने न्यायमूर्ती रानड्यांना दोन वर्षे छळले. १८४२ साली निफाडला जन्मलेल्या माधवरावांचे बालपण आमच्या कोल्हापुरातच गेले. पुढे पुण्यात न्यायाधीश असताना, १८९० साली, गोपाळराव जोशांनी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला मंडळी जमवली. तेथे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी पेला नुसताच बाजूस सारला. नावे ‘पुणे वैभवा’त छापून आली आणि ग्रामण्य उठले. टिळकही त्यात सापडले.

१८९२ साली माधवरावांनी प्रायश्चित्त घेतले. सुधारक संतापले, रमाबाईंनाही ते रुचले नाही. तरुणपणी मलाही ती कच वाटे. परंतु बहिष्काराने स्नेह्यांची घरे अडली होती, आणि त्यांच्यासाठी माधवरावांनी आपला मान खाली ठेवला. हे करायला मला जमले नसते. पुढल्याच वर्षी ते मुंबईस हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १९०१ साली तेथेच वारले.

एवढ्यात माझा पेला निवला होता. पुन्हा आधण ठेवले.