हास्याच्या बाजारातला विदूषक

बाजारात एकदा नावावर शिक्का बसला, की माल बदलता येतो, शिक्का बदलता येत नाही. नटाच्या बाबतीत हा नियम अधिकच निर्दय ठरतो. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या आयुष्याकडे पाहताना याची जाणीव तीव्रतेने होते.

२६ ऑक्टोबर १९५४ रोजी मुंबईत जन्मलेला हा मुलगा गिरगावच्या चाळींतून वाढला. घरची परिस्थिती बेताची. संसाराला हातभार म्हणून त्याने लहानपणी लॉटरीची तिकिटे विकली. गणेशोत्सवातील रंगमंच ही त्याची पहिली शाळा. पुढे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करीत असता नाटकातील किरकोळ कामे त्याच्या वाट्याला आली. १९८३ मध्ये पुरुषोत्तम बेर्डे यांच्या 'टूरटूर'ने नशीब उघडले. मग 'धूमधडाका', 'दे दणादण', 'अशी ही बनवाबनवी' असे चित्रपट येत गेले आणि लक्ष्मीकांत हे नाव मागे पडून 'लक्ष्या' उरला. १९८९ च्या 'मैंने प्यार किया'ने त्याला हिंदीतही नेले. पण तिथेही नोकराचीच आणि हसवण्याचीच भूमिका.

अशा वेळी, १९९२ मध्ये, डॉ. जब्बार पटेल यांनी त्याला 'एक होता विदूषक'मधला आबुराव दिला. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची निर्मिती, ना. धों. महानोरांची गीते, आनंद मोडकांचे संगीत आणि पु. ल. देशपांडे यांचे लेखन. १९५३ च्या 'गुळाचा गणपती'नंतर जवळजवळ चार दशकांनी पु. ल. चित्रपटाकडे वळले होते. तमाशातल्या नर्तकीच्या पोटी जन्मलेला आबुराव सोंगाड्या होतो, फडातून पडद्यावर जातो, कीर्ती मिळवतो, राजकारणाच्या ओढीत सापडतो आणि या चढणीवरच आतून रिता होत जातो. तळ गाठणे म्हणजे केवळ दारिद्र्यात लोटले जाणे नव्हे. हारतुरे गळ्यात असतानाही माणूस तळाशी असू शकतो, आणि सगळ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्याला पोटच्या लहानग्या लेकीच्या चेहऱ्यावर हसू आणता येत नाही, हा तो तळ. लक्ष्मीकांतने येथे हातवारे, धावपळ, चेहऱ्याची ठरलेली वळणे आवरली. विनोदी नटाला रडणे तसे अवघड नसते. हसवताना थकलेला दिसणे अवघड असते, आणि ते त्याने साधले.

चित्रपटाला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांना नृत्यदिग्दर्शनाचे. तिकीटबारीवर मात्र तो चालला नाही. प्रेक्षकाला सर्वस्वी दोष देणे सोपे आहे, पण अन्यायाचे होईल. दिवसभराच्या कष्टानंतर दोन-अडीच तासांच्या हास्याची आशा धरून पैसे मोजणाऱ्याला हास्याऐवजी आबुरावाची व्यथा हाती पडली, तर त्याची निराशाही खरीच म्हणावी लागते. शिवाय चित्रपट काही ठिकाणी रेंगाळतो, हेही मान्य केले पाहिजे. तरी एक गोष्ट खटकतेच. येरमाळ्याच्या येडेश्वरीची किंवा नळदुर्गच्या खंडोबाची यात्रा पाहिलेल्या धाराशिवकराला, तेव्हाच्या उस्मानाबादकराला, तंबूतल्या सोंगाड्याची ओळख कोणी नव्याने करून द्यायला नको होती. पण सोंग उतरल्यावरचा माणूस पाहायला कोण थांबते?

लक्ष्मीकांत पुन्हा जुन्या वाटेला लागला. १९९३ मध्ये 'झपाटलेला' आला आणि धो धो चालला. 'हम आपके हैं कौन' पुढच्याच वर्षी. मागणी होती, पुरवठा झाला. पोट भरणाऱ्या नटाने मागणी नाकारावी, ही अपेक्षा बाळगण्याचा अधिकार आपल्याला कितपत पोहोचतो, हा प्रश्नच आहे. मात्र आबुरावाच्या तोलाची भूमिका त्याच्याकडे पुन्हा कोणी नेली नाही, आणि ज्या वयात विनोदी नट गंभीर भूमिकांत सावकाश मुरतो ते वय त्याच्या वाट्याला फारसे आलेच नाही. मूत्रपिंडाच्या विकाराने १६ डिसेंबर २००४ रोजी मुंबईत त्याचे निधन झाले. वयाची पन्नाशी ओलांडून जेमतेम दीड महिना झाला होता.