पंडिता रमाबाईंची निश्चिंती

भगिनींनो, पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यांच्या विद्वत्तेविषयी व मुक्तिसदनाविषयी आपण पुष्कळ ऐकतो. परंतु एवढे मोठे कार्य ज्या पायावर उभे राहिले, त्याचा विचार क्वचितच होतो. देव आपल्या शब्दाला जागतो, ही त्यांच्या मनाची खात्री हाच तो पाया. ती त्यांना सहजासहजी लाभली नव्हती.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ती विद्या मुलीच्या पदरात घातली. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडले. पुढे दुष्काळात आईवडील व थोरली बहीण अन्नावाचून गेली. रमाबाई व भाऊ श्रीनिवास 1878 साली कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला, तर 1882 मध्ये तेही पटकीने गेले. पदरात तान्ही मनोरमा तेवढी उरली.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी स्वदेशातील कित्येक स्नेही दुरावले. एवढी किंमत देऊनही मन मात्र शांत नव्हते. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त अजून मिळाला नाही, असे त्यांना वाटे. 1889 मध्ये त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. त्याच सुमारास, बाप्तिस्म्यानंतर सात-आठ वर्षांनी, पवित्र शास्त्राचे मनन करता करता त्यांना उलगडा झाला. तारण ही आपल्या पुण्याईची मजुरी नाही. ते देवाचे दान आहे. ते टिकते तेही आपल्या बळावर नव्हे, तर देणाऱ्याच्या विश्वासूपणावर. त्या दिवसापासून त्यांची तळमळ शमली.

या खात्रीची परीक्षा लवकरच झाली. 1893 मध्ये धर्मांतराच्या संशयावरून अनेक पालकांनी आपल्या मुली सदनातून काढून नेल्या. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. उपासमार त्यांनी बालपणी स्वतः सोसली होती. त्या अनाथ मुलींना पाठमोऱ्या कशा होणार? अमेरिकेतील मंडळाची मदत होती ती शारदा सदनापुरती. तरीही, पैसा कोठून येईल हे ठाऊक नसताना, त्यांनी सुमारे 300 मुली आणल्या व केडगावच्या माळावर त्यांना आसरा दिला. पुढे 1900 च्या दुष्काळात, ज्याला आपल्या शेजारच्या गुजरातेत छप्पनिया म्हणतात, तेथूनही शेकडो मुली आल्या. मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

देवावर भार टाकला म्हणून रमाबाई हात जोडून बसल्या नाहीत. त्यांनी विहिरी खणविल्या, शेती केली, मुलींना विणकाम व छापखान्याचे काम शिकविले. उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साऱ्या बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले.

24 जुलै 1921 रोजी मनोरमाबाई वारल्या. त्याच आईचा उजवा हात होत्या. मुलीमागे राहून रमाबाईंनी भाषांतराचे काम चालूच ठेवले आणि 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवला. समग्र भाषांतर 1924 साली प्रसिद्ध झाले.

विश्वास ठेवला म्हणजे दुःख उंबऱ्यापाशीच थांबते, असे रमाबाईंच्या बाबतीत घडले नाही. सर्व जिव्हाळ्याची माणसे त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. तरी देवाने हात सोडला, असे त्यांनी मानले नाही. आपल्यापैकी कोणी ख्रिस्ती असो वा नसो, संसारात एकटेपणाची वेळ प्रत्येकीवर येते. त्या वेळी मनाला धीर कोठून मिळतो आणि मिळालेल्या धीराने दुसऱ्याच्या लेकीसाठी आपण काय करतो, हे रमाबाईंच्या चरित्राजवळ बसून एकदा स्वतःला विचारून पाहावे.